वस्तीची गाडी

आमच्या भाऊजींनी एकतीस वर्षं एसटी चालवली. त्यातली निदान बावीस वर्षं वस्तीची गाडी. शहरातल्या वाचकाला हा शब्द ठाऊक असायचं कारण नाही, म्हणून सांगतो. संध्याकाळी तालुक्याच्या डेपोतून निघायचं, रात्री कुठल्याशा आडगावी पोचायचं, देवळाच्या ओसरीवर नाहीतर गाडीतच अंग टाकायचं आणि पहाटे दूधवाले, कॉलेजची पोरं, कोर्टाच्या तारखांना निघालेले म्हातारे यांना घेऊन परत फिरायचं. गावाला ही गाडी म्हणजे घड्याळच. ताईच्या घरालाही तेच. सकाळी नवाला गाडी डेपोत लागली की साडेनवाला भाऊजी दारात. पावसाळ्यात वाटेतल्या नाल्याला पूर आला की गाडी पलीकडेच अडकायची, कधी एक दिवस, कधी दोन. फोन कुणाकडे नव्हते. मग ताई नवापासून दारात उभी. हातातलं काम चालू, डोळे रस्त्याकडे. लहानपणी सुटीत मी तिच्याकडे राहायला जाई तेव्हा मला वाटायचं, दारात उभं राहून तांदूळ निवडायची ताईला खोडच आहे.

भाऊजी २०१९ साली निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. घरी येऊन ते खाटेवर बसले आणि म्हणाले, "आता?"

या 'आता'चं उत्तर त्यांच्याजवळ बरीच वर्षं तयार होतं, हे आम्हाला मागाहून कळलं. एकदा त्यांच्या गाडीत रजेवर आलेला एक जवान बसला होता. त्याने सांगितलं की हिमाचल सरकारची एक साधी बस दिल्लीहून थेट लेहला जाते. हजार किलोमीटरांहून जास्त वाट, आणि चढते सतरा हजार फुटांच्या वर. भाऊजींना डोंगराचं कौतुक नव्हतं. त्यांना कौतुक होतं त्या ड्रायव्हरचं. "आपल्यासारखाच पगारी माणूस असन ना तो," ते म्हणत. "त्याले गाठून विचारायचं, दुसऱ्या गेअरमधी किती चढ घेतो म्हणून."

मध्ये साथीची दोन वर्षं गेली. २०२३ च्या जूनमध्ये, विदर्भातलं ऊन जरा उतरू लागलं होतं तेव्हा, ते ताईला घेऊन निघाले. गाडी त्यांनी जुनीच घेतली होती, कुणा ठेकेदाराने वापरून सोडलेली बोलेरो. मला का नेलं? त्यांच्या मते गाडीवर कंडक्टर हवा. एसटीत कंडक्टरला मास्तर म्हणायची रीत आहे आणि मी तर शाळेतला मास्तर, तेव्हा नेमणूक आपोआपच झाली. माझ्या मते कारण निराळं होतं. मला कादंबरीसाठी हिमालय हवा होता, आणि तोही फुकटात.

ताई पुढच्या सीटवर बसली. एकतीस वर्षांत नवऱ्याच्या शेजारी ती अशी पहिल्यांदाच बसत होती. भाऊजींच्या गाडीत ती बसली असेल चार-सहा वेळा, तेही तिकीट काढून, बायकांच्या बाकावर. मी मागे. निघताना भाऊजींनी इंजिन सुरू केलं आणि नुसते बसून राहिले. मी म्हटलं, "चला की." ते म्हणाले, "मास्तर, डबल बेल." मी स्टीलच्या डब्यावर चमच्याने टण टण केलं तेव्हा कुठे गाडी हलली. एक घंटा थांबायची, दोन निघायच्या. पुढे मनालीपर्यंत हा कायदा मोडला नाही.

नागपूर ते मनाली हा भाग मी सोडून देतो. सिवनीचं जंगल सरलं की पुढे सपाट मुलूख, धूळ आणि ट्रक. त्याबद्दल लिहायला माझ्यापेक्षा ट्रकवाले बरे. मनालीच्या वर अटल बोगद्यातून आम्ही पलीकडे गेलो. हा बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला खुला झाला. नऊ किलोमीटरांहून थोडा लांब. त्याआधी रोहतांगचा घाट चढून जावं लागे आणि हिवाळ्यात बर्फ पडलं की लाहौलचा मुलूख महिनोन्महिने जगापासून तुटे. अलीकडे देवदार आणि ढग, पलीकडे तोंड बाहेर काढलं तर उघडे डोंगर, कोरडं ऊन आणि खाली वाटाण्याची हिरवी शेतं. जणू कुणी पडदा बदलला.

तांदी नावाच्या जागी दोन नद्या मिळतात. एक चंद्रा, दुसरी भागा. पुढे तिचं नाव चंद्रभागा, आणि त्याही पुढे चिनाब. मी हे नकाशात वाचून दाखवलं तशी ताई म्हणाली, "थांबवा." आषाढी एकादशी आठवड्यावर आली होती. आमच्याकडून कौंडण्यपूरची रुक्मिणीची पालखी केव्हाच पंढरीच्या वाटेला लागली होती. आणि इथे, जिथे विठ्ठलाचं नाव कुणी घेतलं नसेल तिथे, चंद्रभागा! मी मास्तरकी दाखवत म्हटलं, की पंढरपूरची चंद्रभागा म्हणजे भीमाच, तिथे ती चंद्रकोरीसारखी वळते म्हणून ते नाव. या नदीचा तिचा काही संबंध नाही. ताईने ऐकून घेतलं, खाली उतरून पाण्याला हात लावला, डोळ्यांना लावला आणि एक बाटली भरून घेतली. "तुमच्या पुस्तकात नसन संबंध," एवढंच म्हणाली.

तिथल्या चहावाल्याने आम्हाला या नद्यांची गोष्ट सांगितली. चंद्रा ही चंद्राची मुलगी, भागा हा सूर्याचा मुलगा. दोघं बारालाचा खिंडीवर भेटले आणि ठरवलं की डोंगराला दोन्ही बाजूंनी वळसा घालून पुन्हा एक व्हायचं. ती एकीकडून निघाली, तो दुसरीकडून. ठरल्या जागी ती आधी येऊन वाट पाहत राहिली आणि तो वाटेत अडकल्याने उशिरा पोचला. ताई हसली. "म्हंजे ड्युटीवर होता," ती म्हणाली. भाऊजी डिझेल भरायला निघून गेले. तिथल्या पंपावर पाटी होती की पुढला पंप ३६५ किलोमीटरांवर. ती पाटी त्यांनी दोनदा वाचली आणि टाकी काठोकाठ भरली.

रात्री केलाँगला मुक्काम केला. उंची दहा हजार फुटांच्या जरा वर. इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे; ती लिहावी म्हणूनच खरं तर हा लेख लिहायला बसलो. निघण्याआधी नागपूरच्या डॉक्टरांनी एक कागद लिहून दिला होता. तो माझ्या डायरीत होता. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की दहा हजार फुटांच्या वर गेल्यावर रोजचा मुक्काम दीड-पावणेदोन हजार फुटांहून जास्त चढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस आहे तिथेच राहावं. कारणही लिहिलं होतं. उंचावरच्या हवेत प्राणवायूचा वाटा तितकाच असतो, शेकडा एकवीस. पण हवेचा दाबच उतरतो, त्यामुळे प्रत्येक श्वासागणिक हाती कमी लागतं. शरीर हळूहळू त्याला सरावतं, पण त्याला वेळ द्यावा लागतो. आमचा दुसऱ्या दिवशीचा मुक्काम सरचूला ठरला होता, चौदा हजार फुटांवर. म्हणजे एका दिवसात चार हजार फूट. हॉटेलच्या मालकाने सुचवलं, एक दिवस इथे काढा, नाहीतर जिस्पाला राहा. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. लेहहून माझं परतीचं विमानाचं तिकीट काढलेलं होतं. आमच्याकडे शाळा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडते, पण उघडण्याआधी चार दिवस कामं असतात. मी म्हटलं, "बघू, ताईला बरं वाटतंय ना?" ताई म्हणाली, "मले काय होते?" झालं. कागद डायरीतच राहिला.

त्या दिवसाचा प्रवास मी जन्मात विसरणार नाही. दारचा मागे पडल्यावर झाड म्हणून दिसत नाही. डोंगर तपकिरी, जांभळे, कुठे गंजल्यासारखे तांबडे. सीमा सडक संघटनेचे मजूर रस्त्याकडेला खडी पसरत होते. चौकशी केली तर झारखंडचे, दुमकाकडचे. ताईने गाडी थांबवून त्यांना घरचा चिवडा दिला. त्यातला एक पोरगा माझ्या सातवीतल्या मुलांहून फार मोठा नसावा. दुपारी वितळलेल्या बर्फाचं पाणी रस्त्यावरून धावत होतं. असे नाले सकाळी उतरलेले असतात आणि ऊन चढेल तसे फुगतात. भाऊजी प्रत्येक नाल्यापाशी उतरायचे, पाण्याचा रंग पाहायचे, दगड टाकून आवाज ऐकायचे आणि मगच गाडी घालायचे. बारालाचावर, सोळा हजार फुटांवर, रस्त्याच्या कडेला बर्फाच्या भिंती होत्या. ताईने बर्फाला बोट लावून चाखलं. तिचं डोकं दुखत होतं, हे तिने कुणाला सांगितलं नाही.

सरचू हे गाव नव्हे. एक रुंद ओसाड पठार, एका बाजूला नदीने कापलेले उंच कडे, आणि उन्हाळ्यापुरते उभारलेले तंबू. हिमाचल इथे संपतं आणि लडाख सुरू होतं. सूर्य मावळताच असा वारा सुटला की तंबूचे दोर वाजू लागले. ताई जेवली नाही. मला मळमळत होतं, भाऊजींनाही झोप नव्हती. या उंचीवर माणूस समुद्रकाठच्या मानाने साठ टक्के प्राणवायूवर जगतो. पण सगळ्यांना असंच होतं, असं तंबूवाला म्हणाला, आणि आम्ही तेवढ्यावर समाधान मानलं.

रात्री अडीचच्या सुमारास मला जाग आली ती भाऊजींच्या आवाजाने. तंबूबाहेर कंदील होता आणि त्याच्या उजेडात ताई उभी होती. चालत होती म्हणणं बरोबर नाही. धावत्या एसटीत माणूस जसा सीटचे दांडे धरत पुढे सरकतो तशी ती सपाट जमिनीवर झोकांड्या खात होती. स्वेटर तिने उलटा घातला होता. भाऊजी तिच्यासमोर दोन हातांवर उभे. ती त्यांच्याकडे पाहत होती आणि त्यांना म्हणत होती, "नऊ वाजून गेले. गाडी नाही लागली अजून. नाल्याले पूर आला वाटते."

भाऊजी काही क्षण बोलले नाहीत. मग पुढे होऊन त्यांनी तिचे दोन्ही हात धरले. "आली," ते म्हणाले. "अवं, आली गाडी. मी आलो."

डोकेदुखी, उलटी, झोप न येणं, हे उंचीचं साधं दुखणं. पण माणसाचा तोल जाऊ लागला, तो असंबद्ध बोलू लागला, की मेंदूला सूज येत आहे असं समजावं आणि एक क्षणही न दवडता खाली उतरावं. हेही त्या कागदावर होतं. शेवटची ओळ, अधोरेखित केलेली. मी टॉर्चच्या उजेडात ती वाचून दाखवली. माझा आवाज कसा होता ते मला सांगता येणार नाही.

तंबूवाला पोरगा धावत लष्कराच्या तळावर गेला आणि एका जवानाला घेऊन आला. त्याने प्राणवायूचा सिलिंडर दिला, ताईच्या नाकाला नळी लावली आणि एवढंच सांगितलं, "नीचे ले जाइए. अभी." खाली म्हणजे कुठे? पुढे लेह अडीचशे किलोमीटर, आणि मध्ये सोळा-सतरा हजार फुटांच्या तीन खिंडी. मागे केलाँग शंभरेक किलोमीटर, पण तिकडे उतरायलाही आधी बारालाचाची सोळा हजार फुटांची खिंड ओलांडायला हवी. सरचूची खुबी ही अशी आहे. माणूस वाडग्याच्या तळाशी सापडतो. कुठेही जायचं तर पहिल्यांदा काठ चढावा लागतो. भाऊजींनी फार विचार केला नाही. "मांगं," ते म्हणाले. "चढ एकच हाये. मंग नदीसंगं उतार."

एकतीस वर्षांत या माणसाने अर्ध्या वाटेतून गाडी माघारी वळवली नव्हती. नाल्याला पूर असला तर काठावर बसून राहत, पण गाडी उलटी फिरवत नसत. हा त्यांचा अभिमान होता आणि ताई त्यावरून त्यांना कैकदा बोलली होती.

ताईला मागच्या सीटवर निजवलं. तिचं डोकं माझ्या मांडीवर, सिलिंडर पायाशी. भाऊजींनी इंजिन सुरू केलं. थंडीने ते तीनदा बंद पडलं, चौथ्यांदा लागलं. आणि मग ते सवयीने थांबले. मला काही सुचत नव्हतं. इतक्यात ब्लँकेटखालून ताईचा हात बाहेर आला आणि तिने बांगडीने दाराच्या पत्र्यावर दोनदा वाजवलं. टण टण.

भाऊजींनी आरशात पाहिलं. गाडी निघाली.

त्या रात्रीच्या गाडी चालवण्याचं वर्णन करायला मी ड्रायव्हर असायला हवं होतं. काल ज्या रस्त्यावर पाणी धावत होतं तिथे आता काचेसारखा पातळ बर्फ धरला होता. भाऊजी ब्रेकला पाय लावत नव्हते. गेअरवरच गाडी आवरत होते. खड्डा आला की चाक त्यात असं उतरवायचे जसं झोपलेलं मूल खाटेवर ठेवावं. तासभर कुणी बोललं नाही. मी ताईला उगाच प्रश्न विचारत होतो. नाव काय, गाव कोणतं, पोरीचं सासर कुठलं. काहींना उत्तर यायचं, काहींना नाही. बारालाचावर पोचलो तेव्हा पूर्वेकडे फटफटत होतं. तिथे तिचा श्वास फार भरभर चालू लागला आणि मला वाटलं, संपलं. मी मनातल्या मनात काय काय बोललो ते इथे लिहीत नाही.

पलीकडे उतरलं की लगेच सूरजताल. छोटंसं तळं, काठाला बर्फ, मध्ये काळंनिळं पाणी. भागा नदी इथेच जन्मते. मग रस्ता तिचा हात धरून खाली उतरतो. झिंगझिंगबार, पत्सेओ, दारचा. दर अर्ध्या तासाने मी उंची मोजत होतो, आकडा उतरत होता, आणि आकड्याबरोबर ताई परत येत होती, हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं. औषध नव्हे, इंजेक्शन नव्हे, नुसती हवा दाट होत गेली. दारच्याला नदीकाठी हिरवळ दिसली तेव्हा तिने डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, "च्या भेटन का?"

भाऊजींनी गाडी बाजूला घेतली. हातब्रेक ओढला. मग स्टिअरिंगवर कपाळ टेकून ते बराच वेळ बसून राहिले. चहा मी आणला.

केलाँगच्या सरकारी रुग्णालयात दोन रात्री काढल्या. डॉक्टर तरुण होते. ते म्हणाले, आणखी काही तास तिथेच थांबला असता तर मला काही सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी ताई उशीला टेकून बसली असताना मी तिला डायरीतल्या कागदाची गोष्ट सांगितली. तिकिटाचीही. ती ऐकत राहिली. मग तिने कनवटीची पिशवी काढून माझ्यासमोर उपडी केली. डॉक्टरांनी उंचीसाठी दिलेल्या गोळ्या, सगळ्याच्या सगळ्या. एकही घेतलेली नव्हती. त्या गोळ्यांनी सारखं लघवीला लागतं, आणि उघड्या माळावर बाईमाणसाने कुठे जायचं, म्हणून. "तू कागद लपवला, म्या गोया लपवल्या," ती म्हणाली. "त्याईले नको सांगू." तिने मला माफ केलं की नाही, ते मला अजून नक्की ठाऊक नाही. माझ्या तिकिटाचे पैसे बुडाले आणि त्या वर्षी शाळेतही मी दोन दिवस उशिरा हजर झालो, पण हे सांगून काही फिटत नाही.

रुग्णालयातून सुटल्यावर तिला प्रवास झेपेल तोवर हॉटेलातच थांबलो. तिथल्या बसस्टँडवर भाऊजींना ती गाडी सापडली. दिल्लीहून आलेली, लेहला निघणारी. साधी बस. काचांना चिखल, टपावर बोचकी. केलाँगला ती रात्रीची विसावते आणि पहाटे सुटते. "वस्तीचीच की!" भाऊजी म्हणाले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले. संध्याकाळी दोन तास ते त्या ड्रायव्हरजवळ बसले होते. आपल्या नागपुरी हिंदीत त्यांनी त्याला काय विचारलं आणि त्याने काय सांगितलं, ते आम्हाला कळलं नाही. परत आले तेव्हा त्यांच्या हाताला ग्रीस होतं.

रात्री जेवताना ताई म्हणाली, "तुमी जाऊन या त्या गाडीनं. ड्रायव्हरच्या शेजारी बसून जा, परवा वापस या. आमी थांबतो इथं. मले सवय हाये."

त्यात टोमणा नव्हता. मी तिच्याकडे नीट पाहिलं; नव्हता. भाऊजी काही बोलले नाहीत. झोपायच्या आधी तिने हॉटेलवाल्याकडून पोळ्या करून घेतल्या, शेंगदाण्याची चटणी भरली, डबा फडक्यात बांधला आणि उशाशी ठेवला. भाऊजींनी दाढी केली.

पहाटे मला जाग आली तेव्हा त्यांची खाट रिकामी होती. डबा नव्हता. ताई खिडकीपाशी शाल गुंडाळून बसली होती, रस्त्याकडे तोंड करून. खाली दरीत भागेचा आवाज येत होता. मी काही न बोलता पडून राहिलो.

साडेपाचच्या सुमारास जिना वाजला. भाऊजी आत आले. मफलर सोडला, डबा टेबलावर ठेवला, आणि ताईच्या शेजारच्या खुर्चीवर बसले.

"चुकली?" ताईने विचारलं.

"नाही. सुटली," ते म्हणाले. "सात मिन्टं लेट."

ताईने डब्याची गाठ सोडली.